शब्दचर्चा : बंदुकीची शिस्त, माशी आणि कान

अनेर :
माझा मामेभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिथल्या एका कारागिराकडून त्याने चकमकीची, म्हणजे दगड पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी रायफल घडवून घेतली आहे, अर्ध्या इंच व्यासाच्या नळीची. अठराव्या शतकात त्याच मुलखात लँकेस्टरच्या आसपास जर्मन लोहार अशा लांब नळीच्या रायफली बनवत, त्याच घाटाची. पहिल्या दोन शनिवारी ती कशी चालवली, याचं चार पानांचं इंग्रजी पत्र त्याने घरी पाठवलंय. मी ते आमच्या आबांसाठी मराठीत उतरवतेय. आबा ८४ वर्षांचे आहेत. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे, आणि रानडुकरांपासून पीक राखायला त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्यामुळे पत्रातला शब्द चुकला तर तो पहिला त्यांनाच खटकेल.

अडले आहे ‘साइटिंग इन’पाशी. म्हणजे नुसता नेम धरणं नव्हे. नव्या बंदुकीतून डोळ्याला दिसतं एकीकडे आणि गोळी जाते दुसरीकडे. ती दोन्ही एका जागी आणेपर्यंत जे घासणं, ठोकणं, पुन्हा झाडून बघणं चालतं, ते सगळं मिळून हा शब्द. मी आधी ‘नेम जुळवणे’ लिहिलं, मग खोडलं. शासकीय धाटणीचा ‘लक्ष्यदर्शक समायोजन’ करून पाहिला, तो आबांना वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. शिवाय नळीच्या टोकावरचा उंचवटा, बाजूचं बारीक भोक, भोकाबाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू, यांना आपल्याकडे नावं असणारच. कोणी सांगेल का?

लळिंग :
ताई, ‘शिस्त’. धुळ्यात एनसीसीत होतो तेव्हा पॉइंट टू टू रायफलवर उस्ताद हिंदीत शिकवायचे, ‘शिस्त लेना’. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, मग ट्रिगर. आम्ही पोरं पहिल्या दिवशी ताठ उभी राहिलो, वाटलं शिस्तीत राहायला सांगतायत. शिस्त म्हणजे नेम हे पालथं पडल्यावर कळलं.

मेहरूण :
पण मराठीत ‘बंदुकीला शिस्त लावली’ असं वाचलं तर शाळेतल्या पोराला लावतात तीच शिस्त डोळ्यापुढे येईल. वाचणारा अडखळेल. ‘नेम बसवणे’ सोपं नाही का? नेम सगळ्यांना कळतो.

गिरणाकाठ :
मेहरूणताई, अडखळेल हे खरं, पण तो शब्द परका नाही. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा. तिरंदाज अंगठ्यात जी अंगठी घालून दोरी ओढत तीही शस्त, आणि पुढे नेमही शस्त. आपल्याकडे तो शिस्त होऊन आला आणि नेम हा अर्थ मराठीत जुना आहे. आज फक्त वळणाचा, कवायतीचा अर्थ शिल्लक राहिला.

आता गंमत बघा. ‘नेम’चंही तेच झालंय. नेम म्हणजे नियम, व्रत. एकादशीचा नेम. आणि नेम म्हणजे निशाण. ‘पावसाचा काही नेम नाही’ म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणजे आपल्या भाषेत नियम आणि निशाण यांना एकच शब्द, तोही एकदा नव्हे, दोनदा. मला हे फार आवडतं. ज्याचा हात रोज एकसारखा चालतो त्याचीच गोळी एका जागी लागते, हे बंदूक चालवणाऱ्या कोणालाही विचारा.

माझं मत असं : ‘नेम’ माणसाचा ठेवा, ‘शिस्त’ बंदुकीची. नेम धरला, नेम चुकला, हे धरणाऱ्याचं. आणि बंदूक शिस्तीला आणली, तिची शिस्त बसवली, हे हत्याराचं. कोश असं वाटून देत नाही, पण तुमच्या पत्राला नेमकी हीच वाटणी लागते आहे.

बाकीचे शब्द :

टोकावरचा उंचवटा म्हणजे माशी. खरोखर माशी बसल्यासारखी दिसते म्हणून. उत्तरेत तिला मक्खी म्हणतात. नेम धरताना डोळ्याजवळ येते त्या मागच्या पट्टीला मी नुसती ‘मागची खाच’ म्हणेन, उगीच शब्द घडवू नये.

बाजूचं भोक म्हणजे कान. हा तर तुम्ही सगळ्यांनी वाचलेला आहे. किल्ला सोडताना तोफांच्या कानात खिळे ठोकले, असं इतिहासात येतं ना, तो हाच कान. कान बुजला की तोफ बहिरी नव्हे, मुकी होते.

बाहेरची बारीक दारू म्हणजे रंजक. तोफेच्या कानावर टाकून तिला बत्ती देत ती हीच. रंजक ज्या वाटीत ठेवायची तिला उत्तरेत प्याला म्हणत. तो घ्यायला हरकत नाही, मराठी कानाला परका वाटत नाही.

दगड धरणारा तो घोडा, बोटाने ओढायचा तो चाप. चापावरून लोक ‘खर्चाला चाप लावला’ काढतात, पण तो चाप चिमट्याचा, केसांच्या चापासारखा दाबून धरणारा. बंदुकीच्या चापाने काही आवळत नाही, उलट सुटतं.

लळिंग :
आणि दगडाला गारगोटी म्हणायचं का?

गिरणाकाठ :
‘गार’ म्हणा. गारगोटी आपण कोणत्याही पांढऱ्या चकचकीत दगडाला म्हणतो, आपल्या काळ्या खडकाच्या पोकळीत सापडतात त्यांनाही. बंदुकीचा दगड फोडून धार काढलेला असतो, इंग्लंडचा काळा किंवा फ्रान्सचा मधाच्या रंगाचा. आणि चकमक म्हणजे गार व पोलाद दोन्ही मिळून. शब्द तुर्की आहे, तिकडे आज सिगारेटच्या लायटरला चकमक म्हणतात. आपण मात्र दोन टोळ्यांची चकमक झडली असं म्हणतो.

मेहरूण :
मी शब्द मागे घेते. कान फारच आवडला. म्हणजे भोक साफ करायची तार असेल तिला...

अनेर :
मेहरूणताई, तेच लिहायला आले! पत्रात आहे : दर बार झाल्यावर भाऊ एक बारीक तार त्या भोकात फिरवतो. कारागिराने त्याला बजावलंय की भोकात दारू दाबून बसू देऊ नकोस, ते मोकळं हवं. मोकळं असलं की प्याल्यातली ज्वाळा उडी मारून आत जाते. भरलेलं असलं की ती वातीसारखी जळत जाते आणि बार उशिरा होतो. मी सरळ ‘कानकोरणं’ लिहिलं. आबांना फोनवर वाचून दाखवलं तर त्यांना ते जराही नवीन वाटलं नाही. ‘मंग काय, कान कोरनंच पडस,’ म्हणाले.

‘शिस्त’बद्दलही विचारलं. तो शब्द त्यांनी ऐकला होता, पण स्वतः वापरत नसत. त्यांचं म्हणणं असं : ‘बंदूकना नेम येगया, आपला येगया. दोन्हीस्नं जमाडनं पडस.’ गिरणाकाठ दादा, तुमचीच वाटणी त्यांनी अहिराणीत केली, तुमचं लिहिणं मी त्यांना अजून वाचून दाखवलंही नव्हतं.

अजून एक अडचण. चाप ओढला, रंजक भपकन जळली, आणि आतला बार लगेच न होता क्षणभराने झाला, तर त्याला काय म्हणायचं? फुसका बार नाही, कारण तो होतो. भाऊ लिहितो की याच क्षणात नवशिका मान वर करतो आणि गोळी भलतीकडे जाते. म्हणून आवाज होऊन गेल्यावरही माशी निशाणावर धरून ठेवायची सवय त्याने लावून घेतली.

मेहरूण :
‘रेंगाळलेला बार’?

लळिंग :
आमच्याकडे बार म्हटलं की आधी तंबाखूचाच. पण ‘रेंगाळलेला’ चालेल.

गिरणाकाठ :
आबांना विचारा. ठासणीच्या बंदुकीवर दगडाऐवजी टोपी बसवायची, घोडा आपटला की फुटून ठिणगी देणारी, तिच्यातही हे होतंच, पावसाळ्यात दारू सादळली की हमखास.

अनेर :
विचारलं. आणि मला माझंच लहानपण आठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन, भाद्रपदातली गोष्ट. मक्यात डुकरं शिरली म्हणून आबा हवेत बार काढायला बांधावर गेले, मी मागे कंदील घेऊन. टोपी टक्‌ करून फुटली आणि पुढे काहीच नाही. मला वाटलं झालं, मी पुढे निघाले. आबांनी डाव्या हाताने माझ्या फ्रॉकचा खांदा धरून मागे ओढलं. बंदूक खाली घेतली नाही, आत डोकावले नाहीत, नळी तशीच नाल्याकडे धरून उभे राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, कंदिलावर किडे आपटत होते तेवढं आठवतं. ‘बार मरेल नई, निजेल शे,’ म्हणाले. त्या रात्री तो बार उठला नाही. सकाळी त्यांनी नळीत पाणी ओतून दारू भिजवली आणि मगच गोळी काढली.

तर माझ्या पत्रात ‘निजलेला बार’ राहणार. आबांचा शब्द आहे, त्यांना कळेल.

साइटिंग इनचा परिच्छेद असा झालाय. चुकत असेल तर सांगा :

‘आधी बंदूक शिस्तीला आणायची. तेल लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी गुंडाळून गजाने ठासली, दर वेळी दारूचं माप तेच ठेवलं, आणि २५ यार्डांवरून तीन बार काढले. तिन्ही गोळ्या निशाणाच्या बरंच खाली लागल्या, पण एकमेकींजवळ. कारागीर म्हणाला, जवळ लागल्या हे महत्त्वाचं, खाली लागणारच होत्या. नव्या बंदुकीची माशी तो मुद्दाम उंच ठेवतो. कानशीने माशी जरा जरा घासत गेलो तशी गोळी वर वर येत गेली. घासताना हात आवरावा लागतो, कारण घासलेलं पुन्हा चढवता येत नाही. गोळी थोडी डावीकडे जात होती, म्हणून मागची खाच पितळी ठोकणीने केसभर उजवीकडे सरकवली. गोळी जिकडे न्यायची तिकडेच मागची खाच न्यायची. दुसऱ्या शनिवारी ५० यार्डांवर बंदुकीची शिस्त बसली.’

गिरणाकाठ :
‘घासलेलं पुन्हा चढवता येत नाही’ हे वाक्य तसंच ठेवा. एकच सुचवतो : ‘महत्त्वाचं’ काढून ‘खरं’ करा. ‘जवळ लागल्या हे खरं, खाली लागणारच होत्या.’ कारागीर असंच बोलेल.

अनेर :
केलं. उद्या शिरपूरला जातेय, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेते.