शब्दचर्चा: सामायिक, वितरित, स्वयंसेवी संगणन आणि प्रथिनाची घडी

मोडीवाचक:
औषधसंशोधनाबद्दलच्या मराठी मजकुरात डिस्ट्रिब्यूटेड, व्हॉलंटिअर, ग्रिड, क्लाउड आणि पॅरलल या पाचही प्रकारच्या कम्प्यूटिंगला सरसकट ‘सामायिक संगणन’ म्हटलेलं दिसतं. पाचांत फरक आहे एवढं कळतं, पण कुठे काय वापरावं? उदाहरणादाखल हे वाक्य घ्या: ‘फोल्डिंग अ‍ॅट होम या महासंगणकाने कोरोना विषाणूच्या प्रथिनांच्या घड्या शोधल्या.’ (हा लोकांनी आपणहून दिलेल्या घरच्या संगणकांवर प्रथिनांचं गणित करणारा प्रकल्प.) यात किती चुका आहेत?

कणाद_७:
निदान दोन. ‘महासंगणक’ ही पहिली.

महासंगणकात हजारो प्रोसेसर एकाच इमारतीत, अतिवेगवान जोडणीने बांधलेले असतात, कारण त्यांना दर पावलाला एकमेकांचे आकडे लागतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला ‘अर्क’ हा महासंगणक हवामानाचं गणित करतो तेव्हा एका चौकटीतली हवा पुढच्या क्षणी शेजारच्या चौकटीत जाणार असते. तो आकडा घरगुती इंटरनेटवरून यायची वाट पाहिली तर उद्याचा अंदाज परवा तयार होईल. हे पॅरलल, म्हणजे ‘समांतर संगणन’.

काम असं तोडता आलं की प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी न बोलता पुरा होतो, तर संगणक एका खोलीत असायची गरज उरत नाही. ते ‘वितरित संगणन’. ही सगळ्यांत मोठी छत्री. तिच्याखाली तीन प्रकार येतात. संस्थांनी आपापली केंद्रं कराराने जोडली तर ग्रिड. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या ग्रिडमध्ये मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या आपल्या संशोधन संस्था आहेत. कंपनीकडून तासावर भाड्याने घेतलं तर क्लाउड. आणि अनोळखी लोकांनी घरचे संगणक आपणहून दिले तर व्हॉलंटिअर कम्प्यूटिंग.

‘सामायिक’ यातल्या कशालाच नेमका बसत नाही. सामायिक विहीर, सामायिक भिंत म्हटलं की मालकी सगळ्यांची असा अर्थ होतो. इथे मालकी ज्याची त्याचीच राहते, वापर तेवढा दिलेला असतो.

आडवाट:
पण हवामानाचंही गणित घरच्या संगणकांवर चालतं ना? क्लायमेट प्रेडिक्शन डॉट नेट नावाचा ऑक्सफर्डचा प्रकल्प २००३ पासून तेच करतो.

कणाद_७:
करतो, पण एकाच अंदाजाचे तुकडे पाडून नव्हे. प्रत्येक घरी अख्खं प्रारूप (मॉडेल) जातं, फक्त सुरुवातीचे आकडे किंवा गृहीतकं थोडी वेगळी असतात. तोडता येतं ते असं.

बांधावरचा:
व्हॉलंटिअर कम्प्यूटिंगसाठी ‘स्वयंसेवी संगणन’ चालेल, पण ते कागदी वाटतं. आपल्याकडे याला तयार शब्द आहे, इर्जिक. एकाच्या शेतात गावातले शेतकरी आपापली औतं घेऊन जमतात, दिवसात नांगरट उरकतात, मालक जेवण घालतो. औत ज्याचं त्याचं, शेत एकाचं, मजुरी नाही.

कोणी ‘सावड’ सुचवेल. ती इथे चुकेल. सावडीत परतफेड ठरलेली असते: आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. प्रयोगशाळा उद्या कुणाच्या घरी राबायला येत नाही. (शिवाय ‘सावडणे’ हे क्रियापद ऐकलं की अस्थीच आठवतात. संगणकाला नको ते.) आणि ‘श्रमदान’ म्हणाल तर त्यात जेवणही नाही, इथे निदान केलेल्या कामाचे गुण तरी खात्यावर मिळतात.

कामाच्या तुकड्याला, म्हणजे वर्क युनिटला, ‘पात’ म्हणून पाहा. खुरपणीत प्रत्येकीने धरलेली ती ओळींची पट्टी. ‘माझी पात अजून लागली नाही’, म्हणजे पुरी झाली नाही, हे वाक्य दोन्हीकडे जसंच्या तसं चालतं.

मोडीवाचक:
इर्जिक शब्द पुणे-मुंबईच्या किती वाचकांना कळेल?

बांधावरचा:
पहिल्यांदा वापरताना अर्ध्या ओळीत सांगायचा. ‘महासंगणक’ तरी सगळ्यांना पहिल्याच दिवशी कुठे कळला होता?

गणकयंत्र:
‘पात’ आवडला, पण फोल्डिंग अ‍ॅट होमच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. तिथल्या प्रत्येक तुकड्यावर चार आकडे असतात: प्रोजेक्ट, रन, क्लोन, जेन (जनरेशन).

रन म्हणजे रेणूची सुरुवातीची एक मांडणी. क्लोन म्हणजे तीच मांडणी, पण अणूंचे सुरुवातीचे वेग वेगळे. या दोन्हींच्या पाती शेजारी-शेजारी, एकमेकींवर न अडता लागू शकतात. जेन मात्र एकाच पातीतला पुढचा टप्पा आहे. जेन १२ परत आल्याशिवाय जेन १३ जन्मालाच येत नाही, कारण १२ जिथे संपला तिथले अणूंचे स्थान आणि वेग घेऊनच १३ सुरू होतो. म्हणून जेनचं भाषांतर ‘पिढी’ करू नये, वाचकाला वाटेल रेणूला मुलं झाली. ‘टप्पा’ किंवा ‘हप्ता’ बरा.

इतके हप्ते का लागतात? गणिताचं एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं असतं (सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद). एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, गाठायला ५० कोटी पावलं. घडी पडायला कित्येक प्रथिनांना मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग) लागतो, म्हणजे ५० हजार कोटी पावलं. हे एका संगणकावर ओळीने चालवण्यापेक्षा हजारो छोट्या वाटचाली वेगवेगळ्या ठिकाणी चालवतात आणि कुठल्या अवस्थेतून कुठल्या अवस्थेत जायची शक्यता किती, याचा संख्याशास्त्रीय नकाशा नंतर जोडतात. त्याला मार्कोव्ह प्रारूप म्हणतात. त्याचं मराठी करायच्या फंदात पडू नका.

आडवाट:
मग ‘मुदत’ म्हणजे काय? तिथे प्रत्येक तुकड्यावर दोन तारखा दिसतात.

गणकयंत्र:
दोन्हीला ‘अंतिम मुदत’ लिहिलं की घोटाळा होतो. पहिली टाइमआउट: ती उलटली की तोच तुकडा दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि लवकर परत करण्याचा बोनस जातो, मूळ गुण राहतात. दुसरी एक्स्पिरेशन: ती उलटली की तुकडा बाद, आपला संगणकच तो टाकून देतो. मी पहिलीला ‘मुदत’ आणि दुसरीला ‘बाद-तारीख’ म्हणेन.

बोनसचं कारण वर आलंच आहे: तुमच्या तुकड्यावर पुढचा हप्ता अडलेला असतो. बोनससाठी पासकी (आपली ओळख पटवणारा खासगी संकेत) घालावी लागते, त्या पासकीवर किमान १० तुकडे पुरे व्हावे लागतात, आणि घेतलेल्यांपैकी ८० टक्के परत केलेले असावे लागतात. म्हणून गावाला जायच्या आदल्या दिवशी ‘पॉज’ दाबणं चूक. ‘फिनिश’ दाबायचं: हातातला तुकडा पुरा होतो, नवा घेतला जात नाही. पॉजला ‘थांबवा’ आणि फिनिशला ‘उरकून थांबा’. दोन्हींना ‘बंद करा’ लिहिलेलं भाषांतर म्हणजे वापरणाऱ्याचा गळा कापणं आहे.

वीज गेली तर शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे जिथवरचं काम साठवलेलं आहे तिथून, पुन्हा सुरुवात होते. सीपीयूच्या (मुख्य प्रोसेसरच्या) कामात तो मुळात दर १५ मिनिटांनी ठेवलेला असतो. चेकपॉइंट मराठीतही चेकपॉइंटच राहू दे.

ताळेबंद:
बॉइंक या स्वयंसेवी संगणनाच्या प्रणालीवर चालणाऱ्या प्रकल्पांत ‘मिनिमम क्वोरम’ येतो. त्याचं ‘किमान गणपूर्ती’ असं भाषांतर शब्दशः बरोबर आणि अर्थाने चूक. सभेत गणपूर्तीला नुसती हजेरी लागते. इथे दोन वेगळ्या घरांतून आलेली उत्तरं *जुळावी* लागतात, नाहीतर तिसऱ्याला तोच तुकडा देतात. आपला शाळेतला शब्द ‘ताळा’ आहे की! क्वोरम २ म्हणजे ‘दोघांचा ताळा जुळला तरच उत्तर ग्राह्य’.

ताळा न जुळण्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणी गुणांसाठी खोटं उत्तर पाठवतो, पण अशांपेक्षा ओव्हरक्लॉक केलेली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेली, ग्राफिक कार्डं आणि तापलेले संगणक जास्त. मेमरीतला एक बिट उलटला की आकडा भरकटतो. आणि तिसरं कारण निर्दोष आहे: इंटेल आणि एएमडी, विंडोज आणि लिनक्स यांत दशांशांच्या शेवटच्या घरांचं पूर्णांकन किंचित वेगळं पडतं. रेणूंच्या हालचालीत तो फरक पावलागणिक फुगत जातो. म्हणून काही प्रकल्प एक तुकडा एकाच जातीच्या यंत्रांना देतात, काही उत्तर तंतोतंत न मागता ठरावीक फरकाच्या आत असलं की चालवून घेतात.

अवांतर: बॉइंकच्या गुणाला ‘कॉबलस्टोन’ म्हणतात. तो फरसबंदीचा दगड नव्हे, बर्कली विद्यापीठातल्या जेफ कॉब यांच्या आडनावावरून आलेला आहे. सेकंदाला शंभर कोटी क्रिया करणारं यंत्र दिवसभर चाललं तर २०० कॉबलस्टोन. भाषांतर करू नये.

रसायनी:
आता दुसरी चूक, ‘घड्या शोधल्या’.

आधी शब्द. फोल्डिंगला ‘घडी’ चांगला आहे, फक्त क्रियापद जपा. कापडाला आपण घडी *घालतो*, प्रथिनाला घडी *पडते*. अमिनो आम्लांची साखळी पेशीतल्या पाण्यात आपली आपण वळते, काहींना मदतनीस प्रथिनं लागतात एवढंच. उष्णतेने ‘घडी विस्कटते’ हेही चपखल. अल्झायमरमध्ये ‘चुकीची पडलेली घडी’ म्हणता येतं.

पण ‘घडी पडणे’ ही क्रिया आणि ‘घडी पडल्यावरचा आकार’ या दोन गोष्टी आहेत, आणि बातम्यांत नेमका इथेच गोंधळ होतो. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने २०२० च्या कॅस्प या प्रथिनरचनेच्या स्पर्धेत बाजी मारली ती आकार ओळखण्यात. साखळी कुठल्या वाटेने त्या आकाराला पोचते ते तो सांगत नाही. त्याच्यासाठी ‘रचनेचं भाकीत’ म्हणावं. शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांचं काम तिसरंच: हवा तो आकार ठरवून त्यासाठी साखळी लिहायची, म्हणजे ‘प्रथिनाची आखणी’. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अर्धा वाटा बेकर यांना आखणीसाठी आणि अर्धा अल्फाफोल्डच्या हसाबिस व जम्पर यांना भाकितासाठी मिळाला. ‘घडीचं कोडं सुटलं’ हे शीर्षक दोन्हींना लागू नाही.

फोल्डिंग अ‍ॅट होमचं नावही आता थोडं फसवं आहे. विजय पांडे यांनी स्टॅनफर्डमध्ये २००० साली सुरू केलं तेव्हा प्रश्न घडी पडण्याचाच होता. २०२० मध्ये करोना विषाणूवर जे झालं ते मुख्यतः घडी पडून गेलेल्या प्रथिनांच्या *हालचालीचं* गणित: स्पाइक (विषाणूवरचं काट्यासारखं प्रथिन) कसा उघडतो, कुठे फट पडते.

मोडीवाचक:
फट म्हणजे पॉकेट का? ‘खिसा’ लिहिलेलं वाचलंय.

रसायनी:
खिसा नको. ‘खोबण’. डोळ्याची खोबण म्हणतो तसं: ज्यात दुसरं काही नेमकं बसतं. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसून त्याचं काम अडवतो. ‘क्रिप्टिक पॉकेट’ म्हणजे ‘दडलेली खोबण’, स्थिर चित्रात मिटलेली, हालचालीत क्षणभर उघडणारी. क्ष-किरणांनी काढलेल्या एका चित्रात ती बहुधा सुटते. हजारो घरांतून आलेल्या वाटचाली तपासल्या की सापडते, आणि मग गुळगुळीत दिसणाऱ्या, ‘औषध बसायला जागाच नाही’ म्हणून सोडून दिलेल्या प्रथिनाचा पुन्हा विचार होतो. अल्फाफोल्ड आल्यावरही हे काम संपलं नाही ते म्हणून.

भाकितावरच्या रंगांबद्दलही एक. अल्फाफोल्डच्या कोशात प्रत्येक अमिनो आम्लाला ० ते १०० गुण असतात. ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिका निळा, ५० ते ७० पिवळा, त्याखाली नारिंगी. याला ‘अचूकता’ लिहू नका. ही प्रणालीची स्वतःच्या उत्तराबद्दलची ‘खात्री’ आहे. नारिंगी फीत दिसली की ‘चुकलं’ असं नव्हे. पुष्कळदा त्या भागाला पक्की घडीच नसते. औषधाची खोबण पिवळ्या-नारिंगी भागात धरून पुढचं काम केलं तर महिने वाया जातात.

आडवाट:
बातम्यांत ‘एक्झाफ्लॉप’ येतो. सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडीच्या क्रिया. मराठीत?

ताळेबंद:
जुन्या मोजणीत एकावर सतरा शून्यं म्हणजे परार्ध. म्हणजे सेकंदाला दहा परार्ध क्रिया. २०२० च्या एप्रिलमध्ये फोल्डिंग अ‍ॅट होमने २.४ एक्झाफ्लॉपचा आकडा दिला होता, चोवीस परार्ध. पण हा सगळ्या घरांच्या बेरजेचा आकडा आहे. महासंगणकाच्या आकड्याशेजारी ठेवून ‘जगातला सर्वांत वेगवान’ म्हणणं कणाद यांनी वर सांगितलेल्या कारणानेच पटत नाही.

बांधावरचा:
‘युनिट’ शब्दाबद्दल सावध राहा. ‘रोज तीन युनिट केली’ हे वाचून महावितरणचं बिल आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. ‘संगणकाचा रिकामा वेळ वापरतात, खर्च नाही’ हे वाक्य खोटं आहे. काम चालू असताना ग्राफिक कार्डाने १०० वॅट जादा ओढले तर दहा तासांत विजेचं एक युनिट जळतं, चोवीस तासांत २.४. मे महिन्यात खोलीची उष्णता वेगळी. लॅपटॉपवर चालवायचं तर बॉइंकमध्ये ‘वेळेची टक्केवारी’ कमी करण्याऐवजी ‘प्रोसेसरांची टक्केवारी’ कमी करावी. वेळ कमी केला तर काम सारखं चालू-बंद होतं, पंखा आणि तापमान वरखाली होत राहतं.

निदानपट्टी:
वैद्यकातून एक भर. ‘डेटा शेअरिंग’ आणि ‘कम्प्यूटिंग शेअरिंग’ दोन्हींना ‘सामायिक’ लावल्यामुळे लोकांना वाटतं की रुग्णांचे अहवाल अनोळखी घरांत फिरतात. तसं नाही. इर्जिकीत फक्त रेणूंचे अणू आणि त्यांची स्थानं जातात. रुग्णांची विदा (डेटा) वापरायची असते तिथे उलटी रीत निघाली आहे: विदा इस्पितळातच राहते, प्रारूप तिथे जाऊन शिकतं आणि बदललेले आकडे तेवढे परत जातात. फेडरेटेड लर्निंग. ‘संघीय शिक्षण’ म्हटलं तर शाळेचं खातं वाटेल. ‘जागच्या जागी शिकवणी’ असं मी म्हणतो. बदललेल्या आकड्यांतूनही मूळ विदेचा माग काढता येऊ शकतो, म्हणून त्यांत मुद्दाम थोडा गोंगाट, म्हणजे यादृच्छिक फरक, मिसळतात. तेव्हा ‘पूर्ण सुरक्षित’ हे विशेषण गाळावं.

शिकवणीला कुणाचा चांगला पर्याय असेल तर हवाच आहे.

मोडीवाचक:
मग माझं वाक्य असं: ‘फोल्डिंग अ‍ॅट होम या स्वयंसेवी संगणनाच्या प्रकल्पात, म्हणजे घरोघरच्या संगणकांच्या इर्जिकीत, करोना विषाणूच्या प्रथिनांच्या हालचालींचे गणित करून त्यांतल्या दडलेल्या खोबणी शोधल्या गेल्या.’

रसायनी:
‘शोधल्या’च्या जागी ‘वर्तवल्या’. प्रयोगशाळेत रेणू तिथे बसून दिसेपर्यंत ते भाकीतच.

आडवाट:
आणि इर्जिक स्त्रीलिंगी ना? काही जण ‘इरजिक’ही लिहितात.

बांधावरचा:
स्त्रीलिंगी. लेखन दोन्ही चालतं, एका लेखात एकच ठेवा.