ऑस्ट्रेलियाने २६ जानेवारीची तारीख बदलावी का?

यारा (मेलबर्न)
२६ जानेवारीला आपल्याकडे संविधान अमलात आले. ऑस्ट्रेलिया त्याच तारखेला राष्ट्रीय दिन पाळतो, तो १७८८ साली ब्रिटिश कैद्यांची जहाजे घेऊन आलेल्या आर्थर फिलिपने सिडनी कोव्हवर ब्रिटिश झेंडा रोवला म्हणून. तिथल्या गाडिगल आदिवासींना कोणी विचारले नव्हते, आणि पुढच्याच वर्षी देवीच्या साथीत त्यांच्यापैकी बहुतेक दगावले. मी इथे उपराच आहे. पण ब्रिटिशांची सत्ता भोगलेल्या देशातून आल्यामुळे या दिवशी आनंद मानणे मला पटत नाही. तारीख बदलावी.

सागरतीर (पर्थ)
मला पटत नाही. याच दिवशी हजारो स्थलांतरित नागरिकत्वाची शपथ घेतात, आणि त्यांच्या मनात जो दिवस असतो तो फिलिपचा नसून त्यांच्या स्वतःच्या नव्या घराचा असतो. शिवाय २०२३च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी आदिवासींच्या सल्लागार मंडळाचा प्रस्ताव फेटाळला. काल आलेल्यांनी जुने वाद उकरून काढू नयेत.

यारा
ते सार्वमत तारखेवर नव्हतेच. सगळ्या राज्यांत नेमकी २६ जानेवारीलाच सुट्टी देण्याची प्रथा १९९४पासूनची आहे, विरोध मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. १९३८मध्ये दीडशे वर्षांचा सोहळा चालू असताना आदिवासी नेत्यांनी सिडनीत दुखवट्याची सभा भरवली, आणि त्यांना सभागृहात मागच्या दाराने जावे लागले. त्याच दिवशी फिलिपच्या आगमनाचे नाट्यरूप सादर करण्यासाठी दूरच्या मेनिंडी गावाहून आदिवासी पुरुष आणले होते. मग हा वाद काल आलेल्यांनी उकरला, असे कसे म्हणता येईल?

गोदाकाठ (नांदेड)
दुसऱ्याच्या सणातली सल आपल्याला चटकन दिसते. आम्ही १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, रझाकारांचे अत्याचार सांगतो आणि ते सांगायलाच हवेत. पण १९४८च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे हल्ले झाले, ज्यांत किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने दिला, त्यांचा उल्लेख ध्वजवंदनाच्या भाषणात मी कधी ऐकलेला नाही. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला होता. म्हणून आपण १७ सप्टेंबर बदलायचा का? माझ्या मते नाही.

यारा
मीही नाही म्हणेन, कारण त्या दिवशी निजामाची राजवट संपली आणि लोकांनी त्यासाठी लढा दिला होता. २६ जानेवारी १७८८ला सिडनीत कोणाचीही सुटका झाली नाही, उतरवलेल्या कैद्यांचीसुद्धा. ऑस्ट्रेलियाचे संघराज्य १ जानेवारी १९०१ला झाले. राष्ट्रीय दिन म्हणून ती तारीख अधिक रास्त ठरते.

सागरतीर
त्या संघराज्याच्या घटनेनेही आदिवासींना जनगणनेतून वगळले होते, आणि ती तरतूद १९६७पर्यंत टिकली. तुमच्या निकषावर मग १ जानेवारी तरी कशी उतरते?