तुम्हाला मंडळीत कुणी टिकवलं?

काल चर्चमध्ये उपासना संपल्यावर एक तरुण जोडपं दाराशी घुटमळत होतं. मागच्या बाकावरच्या आजी त्यांच्यापाशी गेल्या, नावं विचारली, बाळाला कडेवर घेतलं. ते बघून मला माझे पहिले दिवस आठवले. ओळखीचं कुणी नव्हतं. तेव्हाचा उपदेश आज आठवत नाही, पण शेजारच्या बाईंनी गीतपुस्तकातलं पान काढून माझ्यापुढे धरलं आणि पुढच्या रविवारी नावाने हाक मारली, ते आठवतं. पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, काम मोठं आहेच, पण मंडळी (चर्चचा समुदाय) वाढवणं त्यांच्या एकट्यावर टाकू नये. ज्यांच्याकडे पद नाही, समिती नाही, अशा माणसांनी काय केलं ते लिहा.

—

मला आणलं रूममेटने. "चल" एवढंच म्हणायचा. नाही आलो तरी रुसायचा नाही, पुढच्या आठवड्यात परत "चल". बायबलमध्ये अंद्रियाने आपल्या भावाला, शिमोनाला, असंच येशूकडे नेलं (योहान 1). पुढे नाव झालं त्या शिमोनाचं, म्हणजेच पेत्राचं!

—

नाव लक्षात ठेवणं!! आमच्याकडे एक काका वही ठेवतात. कोण नवीन, मुलं कितवीत, कुणाचं ऑपरेशन. त्याच वहीवरून रोज प्रार्थना. कुकर लावलाय, नंतर लिहिते

—

आमचं थोडं वेगळं. लोक यायचे भरपूर, टिकायचे नाहीत. पहिल्या दिवशी जोरात स्वागत, मग कुणी विचारत नाही. शेवटी काही कुटुंबांनी ठरवलं, सलग दोन रविवार जो दिसला नाही त्याला फोन करायचा. "का आला नाहीत" विचारायचं नाही, "बरे आहात ना" विचारायचं. एका घरी कळलं, नवरा अंथरुणाला खिळलेला आणि बायको रात्र रात्र जागी. आमच्यातल्या बायका आळीपाळीने तिथे बसायला लागल्या, म्हणजे तिला दुपारी तासभर डोळा लागेल. त्यांचा मुलगा आज तरुण संघ चालवतो.

—

अगदी. फोन हजेरी घेतल्यासारखा वाटला की माणूस पळालाच.

—

मी संडेस्कूलवाली, माझी बाजू मांडणारच. रॉबर्ट रेक्स पाळक नव्हते, वर्तमानपत्र चालवायचे. 1780 मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला त्यांनी रविवारची शाळा सुरू केली, कारण गरिबांची पोरं बाकीचे दिवस कामावर. तिथे वाचायलाच शिकवायचे! माझ्या वर्गात अडखळत बोलणारा एक मुलगा आहे. बायबलचं वचन वाचायची त्याची पाळी आली की सगळी पोरं गप्प थांबतात, कुणी पुढचा शब्द सांगत नाही. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. आता त्याचे आईवडीलही नेमाने येतात.

—

ताई, चार ते दहा वयाची पोरं एकाच वर्गात आहेत, येशूने सांगितलेले दृष्टांत कसे शिकवता?

—

नाटुकलं करा. हरवलेलं मेंढरू कोण होणार यावर भांडणं होतात, होऊ द्या.

—

एक स्पष्ट लिहितो. शेजारच्या मंडळीतली माणसं ओढून आणायची आणि त्याला वाढ म्हणायचं, हे मला पटत नाही. बाकं इकडची भरली, तिकडची रिकामी झाली.

—

+1

—

बायबलमधलं जोडपं अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला विसरू नका. तंबूचा धंदा करणारी माणसं, त्यांच्या घरी मंडळी जमायची (रोमकरांस पत्र 16). अपुल्लोस मोठा वक्ता, पण त्याला चारचौघांत न टोकता आपल्याकडे नेऊन नीट समजावलं (प्रेषितांची कृत्ये 18:26). आमची घरसभा यावरच चालते. कुणी वचनाचा अर्थ चुकीचा लावला तर सभेत दुरुस्ती नाही, नंतर शांतपणे. म्हणून नवीन माणसंही तोंड उघडतात.

—

माइक सांभाळणाऱ्यांबद्दल कुणी लिहा की! मागे ऐकू आलं नाही तर म्हातारी माणसं हळूहळू यायची बंद होतात.

—

आमच्याकडे कॉलेजचा एक मुलगा उपासनेआधी शेवटच्या बाकावर बसून स्वतः ऐकून बघतो.

—

माझे यजमान ख्रिस्ती नाहीत. मला सोडायचे आणि बाहेर गाडीत बसायचे. एकदा खुर्च्या लावणाऱ्यांनी हाक मारली, "दादा, जरा हात लावता का?" विश्वासाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. आता ते माझ्याआधी तयार होऊन बसतात, खुर्च्या लावायच्या असतात ना! उपासनेला मागे बसतात. पुढचं देव बघेल, मी घाई करत नाही.

—

ताई, त्या खुर्च्यावाल्यांना आमचा सलाम सांगा.