मदत हवी आहे : सहावीच्या मुलांना इसवी सनापूर्वीची उलटी मोजणी कशी समजावू?

मी सहावीला इतिहास आणि विज्ञान दोन्ही शिकवते. मौर्य काळावर गाडी अडली आहे. चंद्रगुप्त इ.स.पू. 322 च्या सुमारास गादीवर आला, इ.स.पू. 185 च्या सुमारास मौर्य सत्ता संपली, असं फळ्यावर लिहिलं. एका मुलीने विचारलं, "बाई, 185 तर आधी येतं, मग राज्य सुरू व्हायच्या आधीच संपलं कसं?" अर्ध्या वर्गाला तसंच वाटत होतं.

व्हरांड्यात सुतळी बांधून झाली. 1 सेंमी म्हणजे 10 वर्षं, मध्ये लाल गाठ, डावीकडे हडप्पा, उजवीकडे शिवराय. सुतळी समोर असली की बरोबर सांगतात, वहीत पुन्हा उलटं. तापमापीचं उदाहरण दिलं, पण शून्याखालचं तापमान आमच्या मुलांनी कधी अनुभवलेलंच नाही. गणितात ऋण संख्या झाल्या आहेत, तिथे चुकत नाहीत. इतिहासात आलं की तो धागा तुटतो. नुसतं पाठ करून घ्यायचं नाहीये, त्यांना ते दिसायला हवं.

वर्गात 38 मुलं, तास 35 मिनिटांचा, प्रोजेक्टर नाही. पुठ्ठा, खडू, मोकळं मैदान आहे.

मुलं स्वतःच उलट्या मोजणीपर्यंत पोहोचतील असा एखादा खेळ कुणी घेतलाय का? आणि इसवी सनात शून्य वर्ष नाही, इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, हे सहावीतच सांगावं की त्याने गोंधळ आणखी वाढेल?