वॉल्टर व्हाइट चुकतोय हे दिसत असूनही आपण त्याच्याच बाजूने का?

कच्चाखर्डा:
'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेबद्दल एक नेमका प्रश्न. अल्बुकर्कीतला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर कॅन्सर झाल्याचं कळल्यावर घरच्यांसाठी पैसे जमवायला मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतो, माणसं मारतो, घरच्यांशी सतत खोटं बोलतो. तरी पोलीस जवळ आले की जीव वरखाली होतो आणि वाटतं, हा निसटावा. 'नायक करड्या छटेचा आहे' एवढ्याने माझं समाधान होत नाही, कारण अशा नायकांच्या कितीतरी मालिका दुसऱ्या भागातच सोडून द्याव्याशा वाटतात. लेखनात नेमकं काय केलंय? आणि आठ भागांची गुन्हेगारी मालिका लिहायची तर यातलं काय उचलता येईल, काय अंगाशी येईल?
(रहस्यभेद होणार आहे, मालिका पाहिली नसेल तर पुढे वाचू नका.)

उलटतपासणी:
आधी हिशेब बघा. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात वॉल्टर उभ्या उभ्या आकडे मांडतो. दोन मुलांचं चार-चार वर्षांचं कॉलेज, वर्षाला ४५ हजार डॉलर, झाले ३ लाख ६० हजार. घराचं उरलेलं कर्ज १ लाख ७ हजार, घरावरच काढलेलं दुसरं कर्ज ३० हजार. घरखर्च महिन्याला २ हजार, दहा वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३७ हजार. आठवड्याला ७० हजार सुटले तर साडेदहा आठवडे, म्हणजे अकरा सौदे. बस्स.

बेरीज बरोबर आहे, आणि प्रेक्षक ती त्याच्याबरोबर मनात करतो. रक्कम पटली की अकरा सौदेही पटतात. पाचव्या सीझनमध्ये वाळवंटात पुरलेल्या सात पिंपांत ८ कोटी डॉलर असतात, मूळ रकमेच्या शंभरपटीहून जास्त. 'आता पुरे' म्हणायची वेळ कधी टळून गेली, हे त्याच्याइतकंच आपल्यालाही कळलेलं नसतं.

पण नुसती गरज दाखवून भागत नाही, आणि नक्कल करणारे नेमके इथेच घसरतात. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात जुना मित्र एलियट त्याला नोकरी देऊ करतो, उपचारांचा खर्चही उचलायला तयार होतो. वॉल्टर नाही म्हणतो. म्हणजे 'दुसरा मार्गच नव्हता' ही सबब मालिकेने स्वतःच, इतक्या लवकर, काढून घेतली. नकार मात्र आपल्याला समजतो, कारण पहिल्या भागात तो कार वॉशमध्ये ओणवा होऊन स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं पुसत असतो. तो अपमान आपण पाहिलेला असतो. नायकाला सगळीकडून कोंडून टाकलं की तो बिचारा होतो, आणि बिचाऱ्याबद्दल ठरवायला प्रेक्षकाकडे काही उरत नाही. आठ भागांच्या मालिकेत सुटकेचं दार तिसऱ्या भागाच्या आत उघडून दाखवा, आणि नायकाला ते स्वतःच्या हाताने लावू द्या.

आता त्याच सीझनच्या तिसऱ्या भागातला क्रेझी-८ या मेथ विकणाऱ्याचा खून. तळघरात तो माणूस सायकलच्या कुलपाने मानेला बांधलेला आहे. वर वॉल्टर कागदावर दोन रकाने आखतो. सोडून द्यायच्या बाजूने बरीच कारणं, मारायच्या बाजूने एकच: सोडलं तर हा सगळ्या कुटुंबाला मारेल. मग त्याला सँडविच नेऊन देतो, कडा कापून, कारण त्याला कडा आवडत नाहीत. गप्पा होतात आणि सोडायचं ठरतं. वॉल्टर किल्ली आणायला वर जातो, आणि कचऱ्यातले फुटक्या बशीचे तुकडे टेबलावर जुळवत बसतो. एक जागा रिकामी राहते. लांबट, टोकदार, सुरीसारखी.

संवाद जवळजवळ नाही. ते तुकडे आपणही जुळवतो आणि निष्कर्षावर त्याच्याबरोबरच पोचतो. नंतर तो कुलूप मागे खेचत माफी मागतो तेव्हा आपल्याला त्याची दया येते असं नाही, आपण त्या निर्णयात सामील झालेलो असतो. एका खुनासाठी किती वेळ घेतलाय ते मोजा. पहिल्याच भागात तीन मुडदे पाडले की ही सोय संपते.

मधलीओळ:
हिशेबाचा मुद्दा मान्य, पण त्याहून मोठं काम दृष्टिकोन करतो. आपल्याला वॉल्टरचं गुपित माहीत असतं, त्याच्या बायकोला, स्कायलरला नसतं. त्यामुळे तिचा प्रत्येक रास्त प्रश्न अडथळा वाटतो. हे इतकं हाताबाहेर गेलं की स्कायलर साकारणाऱ्या अ‍ॅना गन यांनी २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून त्या पात्राबद्दलच्या आणि त्यांच्या स्वतःबद्दलच्या द्वेषाविषयी सांगितलं. माझ्या मते यात लेखनाचाही दोष आहे. पहिल्या सीझनमध्ये स्कायलर बहुतेक वेळा नवऱ्याच्या संदर्भातच दिसते. उपाय साधा आहे: जी व्यक्ती पुढे नायकाच्या आड येणार आहे, तिला आधी एक प्रसंग एकटीचा द्या. त्यात नायक नको, त्याचा विषयही नको. तिला काय हवंय आणि कशाची भीती वाटते, एवढंच. हा प्रसंग ती आड येण्याच्या आधी हवा, नंतर घातला तर सफाई दिल्यासारखा दिसतो.

तळटीप:
यात 'बळी कसा आहे' हेही धरा. 'द सोप्रानोज' या माफियावरच्या मालिकेच्या पहिल्या सीझनचा पाचवा भाग (१९९९) बघा. मुलीला कॉलेजं दाखवायला नेलेला माफिया नायक टोनी वाटेत एका जुन्या खबऱ्याला गळा आवळून मारतो. प्रेक्षक टोनीवर उलटतील अशी एचबीओ वाहिनीला धास्ती होती, मालिकेचे निर्माते-लेखक डेव्हिड चेस खुनावर ठाम होते. तडजोड म्हणून तो खबऱ्या टोनीला मारायला माणसं शोधतो असं दाखवलं गेलं. बळी जास्त वाईट केला की नायक आपोआप हलका होतो. युक्ती चालते, पण दोन-तीनदा वापरली की प्रेक्षकाला शिवण दिसायला लागते.

'ब्रेकिंग बॅड'मध्ये वॉल्टरचा साथीदार जेसी याची प्रेयसी जेन हिच्या मृत्यूत (दुसरा सीझन, भाग १२) ही सवलत नाही, म्हणून तो प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो. जेसीला हलवून जागं करताना वॉल्टरच्या धक्क्याने जेन पाठीवर वळते, उलटी होऊन गुदमरायला लागते. तो पुढे सरसावतो आणि थांबतो. त्याच भागात आधी त्याने तान्ह्या मुलीला कुशीवर झोपवून पाठीशी कापडाची गुंडाळी लावलेली असते, दूध उलटलं तर अडकू नये म्हणून. काय करायला हवं हे त्याला माहीत आहे, आणि त्याला ते माहीत आहे हे आपल्यालाही माहीत आहे.

पुढे जेनच्या हवाई नियंत्रक वडिलांच्या चुकीने विमानांची टक्कर होऊन १६७ माणसं मरतात, तो योगायोग मात्र फार ताणलेला आहे. एका बापाचं कोसळणं पुरेसं होतं.

कच्चाखर्डा:
बशीचा प्रसंग आणि बाळाची गुंडाळी शेजारी ठेवून बघितली नव्हती, आभार. आणखी एक: 'हे सगळं घरच्यांसाठी' हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणतो तरी कंटाळवाणं का होत नाही? आणि ते मोडायचं कधी?

उलटतपासणी:
कारण दर वेळी ऐकणारा वेगळा असतो आणि वाक्याचा उपयोगही. सुरुवातीला तो ते स्वतःला समजावायला वापरतो, पुढे जेसीला बांधून ठेवायला, नंतर स्कायलरचं तोंड बंद करायला. तुमच्या खर्ड्यात असं वाक्य असेल तर प्रत्येक ठिकाणी समासात लिहा, इथे ते कोणावर चालवलंय. दोन ठिकाणी एकच उत्तर आलं तर एक जागा कापा.

मोडायचं शेवटच्या भागात, त्याआधी नाही. आधी कबुली दिली तर उरलेल्या भागांत नायक एक तर पश्चात्ताप करत फिरतो किंवा उघड खलनायक होतो, आणि दोन्हींत ताण जातो. आणि कबुली द्यायची ती ज्या व्यक्तीने ते खोटं सर्वांत जास्त सोसलंय, तिच्याचपुढे. ६२व्या, म्हणजे शेवटच्या भागात तो स्कायलरच्या स्वयंपाकघरात उभा राहून बोलायला लागतो, तेव्हा पुन्हा तेच ऐकायला लागणार या धास्तीने ती त्याला मध्येच तोडते. तेव्हा कुठे तो म्हणतो, हे मी माझ्यासाठी केलं.