३ किलोवॉट सोलरचं कोटेशन १.७२ ते २.२५ लाख, एवढा फरक कशाचा?

नाशिककर_गच्ची:
नाशिकला दुमजली घर, आरसीसी गच्ची. वापर महिन्याला २८० ते ३२० युनिट, एप्रिल-मेमध्ये ३८० पर्यंत. बिल सरासरी ३,२०० रुपये. जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी नैऋत्य कोपऱ्यात. तीन कोटेशन आली: १.७२, १.९५ आणि २.२५ लाख. १.७२ वाला म्हणतो, "डीसीआर पॅनलला दोन महिने वेटिंग आहे, नॉन-डीसीआर लगेच लावून देतो." वीजबिल अजून वडिलांच्या नावावर आहे, ते आता हयात नाहीत. ३ किलोवॉट पुरेल की ५ घ्यावं?

एसी_डीसी:
५ कशाला? आपल्याकडे १ किलोवॉट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. तुमचा वर्षाचा वापर ३,७०० च्या घरात, म्हणजे ३ किलोवॉटमध्ये पुढे एखादा एसी लागला तरी भागेल. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडीही ३ लाच संपते: पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. चौथ्या-पाचव्या किलोवॉटचा सगळा खर्च तुमच्या खिशातून. शिवाय महावितरणला दिलेले जास्तीचे युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात ते ३१ मार्चपर्यंतच. तेव्हा जे शिल्लक उरतं त्याचे पैसे घरगुती दराच्या मानाने फारच कमी मिळतात. त्यामुळे उन्हाळ्यात साठलेले युनिट पावसाळ्यात संपले पाहिजेत, हा हिशोब धरून साइज ठरवा.

नॉन-डीसीआर घेतलं तर सबसिडी शून्य. डीसीआर म्हणजे पॅनलच्या आतला सेलसुद्धा भारतात बनलेला, आणि योजनेत तीच अट आहे. ३ किलोवॉटला दोन्हींच्या किमतीत फरक साधारण २५-३५ हजारांचा, आणि त्यासाठी सोडायचे ७८ हजार. दोन महिने थांबा, नाहीतर योजनेच्या पोर्टलवरच्या यादीतला दुसरा व्हेंडर बघा. वेटिंग डीसीआरच्या ठरावीक ब्रँडला असतं, सगळ्यांना नसतं.

१.९५ मधून सबसिडी वजा केली तर १.१७ लाख उरतात. स्थिर आकार सोलर लावूनही भरावाच लागतो, तो सोडून महिना ३,००० वाचले तर सव्वातीन वर्षांत वसुली.

अर्थिंग_आधी:
कोटेशनची तुलना शेवटच्या आकड्यावर करू नका, आतल्या ओळी मागा. पन्नास हजारांचा फरक बहुतेक वेळा इथे असतो:

स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलखालचा लोखंडी सांगाडा. हॉट डिप गॅल्वनाइज्ड (बनवून झाल्यावर जस्तात बुडवलेलं), ८० मायक्रॉन, असं लेखी घ्या. स्वस्तातलं प्री-जीआय (आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचं) कापलेल्या टोकांवर आणि वेल्डिंगवर गंजायला लागतं. गच्ची वापरात राहावी म्हणून ८ फूट उंच स्ट्रक्चर हवं असेल तर खर्च वेगळा, आणि त्याला आडवे-तिरपे ब्रेसिंग हवंच. स्लॅबला ड्रिल मारून वॉटरप्रूफिंग फोडण्यापेक्षा काँक्रीटचे ब्लॉक ओतून घ्या.

अर्थिंग तीन हवेत: एसी बाजूचं (इन्व्हर्टरपासून मीटरकडे), डीसी बाजूचं (पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत) व स्ट्रक्चरचं, आणि लाइटनिंग अरेस्टरचं (वीज अंगावर घेणाऱ्या दांड्याचं) स्वतंत्र. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून मोकळे होणारे कमी नाहीत. वीज पडली की पहिला बळी इन्व्हर्टरचा. डीसीडीबी आणि एसीडीबी (डीसी व एसी बाजूच्या पेट्या) दोन्हींत एसपीडी (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) आहे का, झाकण उघडून बघा.

केबल. डीसीला ४ चौरस मिमी तांब्याची सोलर केबल, एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या कंपन्यांचे अडकवले तर बसतात, पण संपर्क नीट होत नाही, तापतात आणि वितळतात. एसीची केबल बारीक असेल तर भर दुपारी इन्व्हर्टर "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" (लाइनचा व्होल्टेज जास्त) दाखवून बंद पडतो. व्हेंडर महावितरणला दोष देतो; लाइनही कमजोर असू शकते, पण मीटरपर्यंत २०-२५ मीटर अंतर असेल तर आधी ६ चौरस मिमी टाकून बघा.

जीएसटीही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावर ५ टक्के आहे. माल ७० टक्के आणि जास्त दराचं काम ३० टक्के धरून एकत्रित ८.९ टक्के पडतो. अजून १३.८ लावणारं कोटेशन जुन्या फॉर्मॅटवरचं आहे.

छायाकल्प:
वास्तुशास्त्राच्या कृपेने सगळ्यांच्या टाक्या नैऋत्येला असतात, आणि सोलरला तोच कोपरा नडतो. डिसेंबरात दुपारी चारला नाशिकला सावली उंचीच्या सव्वादोन पट पडते, ईशान्येकडे. टाकीचा माथा गच्चीपासून १४ फूट असेल तर ३० फुटांपर्यंत. सहा पॅनल एका स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या माळेत) असतात, त्यामुळे एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पादन त्या एका पॅनलच्या वाट्यापेक्षा जास्त घटू शकतं. पॅनल पूर्वेकडे सरकवा, किंवा शक्य असेल तर टाकी जिन्याच्या उत्तर बाजूला हलवा. ५४० वॉटचे सहा पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॉट. नुसते पॅनल १७० चौरस फूट घेतात, धुवायला वाट सोडून २५०-३०० धरा. दिशा दक्षिण, कल १५ ते २० अंश.

एसी_डीसी:
नावाचं राहिलं. आधी महावितरणमध्ये वीजजोडणी तुमच्या नावावर करून घ्या, मगच पोर्टलवर नोंदणी. बिलावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळलं नाही तर सबसिडी अडकते, कर्जही अडकतं. १० किलोवॉटपर्यंत वेगळी तांत्रिक मंजुरी लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. व्हेंडरला शेवटचे १० टक्के नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसल्यावरच द्या. पॅनलचे सिरीयल नंबर डीसीआर प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहा.

नाशिककर_गच्ची:
लाइट गेल्यावर चालेल ना? आणि राज्याची स्मार्ट योजना आम्हाला लागू आहे का?

अर्थिंग_आधी:
नाही. ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. बॅकअप हवा तर हायब्रिड आणि बॅटरी, पण मग खर्चाचं गणित वेगळं. भारनियमन नसेल तर घरचा जुना इन्व्हर्टर-बॅटरी राहू द्या. स्मार्ट योजना दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आणि १०० युनिटांच्या आतल्यांसाठी आहे, तुम्ही त्यात नाही.

नेट मीटर बसल्यावर पहिल्या बिलात "एक्स्पोर्ट" (महावितरणला दिलेल्या विजेचं) रीडिंग आलंय का बघा. शून्य दिसलं तर मीटरचा आणि इन्व्हर्टर अॅपचा फोटो घेऊन त्याच आठवड्यात उपविभागात अर्ज द्या, पुढच्या बिलाची वाट बघू नका.