फ्रोडो शेवटी हरतो, म्हणूनच ही कथा ख्रिस्ती वाटते

निशिगंध

पीटर जॅक्सनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रत्रयीत (२००१ ते २००३) ख्रिस्ती श्रद्धा शोधायची म्हटलं की सगळे त्यातल्या गँडाल्फ या जादूगाराकडे बोट दाखवतात. तो पुलावर सोबत्यांसाठी जीव देतो, पांढऱ्या वस्त्रांत परत येतो, म्हणजे झाला ख्रिस्त. मला हे फार वरवरचं वाटतं. मरून परतणारे वीर कितीतरी कथांत आहेत.

खरा गाभा गॉलमला, म्हणजे अंगठीच्या मोहानं बिघडलेल्या जिवाला, दिलेल्या जीवदानात आहे. ती दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला नायक म्हणजे फ्रोडो, आणि त्याच्याआधी ती ज्याच्याकडे होती तो त्याचा नातेवाईक बिल्बो. बिल्बोनं संधी असताना त्याला मारायला हवं होतं, असं फ्रोडो पहिल्या भागात म्हणतो. गँडाल्फ सांगतो, दयेनंच बिल्बोचा हात आवरला, आणि ती दया पुढं अनेकांचं भवितव्य ठरवू शकते. नंतर फ्रोडोही गॉलमला वाचवतो. आणि अंगठी जिथं टाकून नष्ट करायची त्या अग्निकुंडाच्या काठावर, इतकं सोसून आलेला फ्रोडो अंगठी टाकतच नाही, ती माझी आहे म्हणतो! ती नष्ट होते ती ज्याला जिवंत सोडलं त्या गॉलममुळे. सर्वस्व देऊनही माणूस उणा पडतो आणि उरलेलं देवाच्या कृपेनं पुरं होतं. याला मी ख्रिस्ती विचार म्हणते.

शिलेदार

सपशेल असहमत. आपल्याला रूपककथा आवडत नाहीत, असं मूळ कादंबरीचा लेखक टॉल्किन यानं तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलंय. पडद्यावर कुठे देऊळ नाही, पुरोहित नाही, धर्मग्रंथ नाही. आणि त्यागच म्हणाल तर वृत्रासुराला मारण्यासाठी दधीचींनी स्वतःच्या अस्थी दिल्या. दिसला त्याग की लाव त्यावर क्रूस, हे कशाला?

निशिगंध

टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक होता. ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असं त्यानं १९५३ साली एका धर्मगुरू मित्राला लिहिलं. त्याच पत्रात तो सांगतो की पंथ-उपासनेचे उल्लेख त्यानं काढून टाकले, कारण धर्म कथेतच मुरलेला आहे. त्यामुळे देवळं नसणं हा तुमच्या बाजूचा पुरावा होत नाही.

दधीचींचं म्हणाल, तर त्यांचं दान सफळ होतं. देणारा कुठेच ढळत नाही. फ्रोडो ढळतो. मी त्यागाबद्दल बोलतच नाहीये, त्यागानंतरच्या पराभवाबद्दल बोलतेय. टॉल्किननंही हा प्रसंग प्रभूच्या प्रार्थनेतल्या क्षमेच्या आणि मोहापासून वाचवण्याच्या मागणीशी जोडला होता.

वाचनवेडी

तुम्ही दोघंही कादंबरीवर बोलताय, धागा चित्रपटाचा आहे. कादंबरीत गॉलम आनंदानं नाचता नाचता तोल जाऊन पडतो, त्याला कुणी हात लावत नाही. चित्रपटात फ्रोडो उठून त्याच्याशी झटापट करतो आणि दोघं कड्यावरून कोसळतात; फ्रोडो तेवढा काठाला लटकून वाचतो. निशिगंध, तुमची कृपा तिथेच निसटली. उरली ती मारामारी.

अंगठी घडवणाऱ्या दुष्ट सॉरॉनच्या पाडावाची तारीखही तशीच गेली. कादंबरीत ती २५ मार्च आहे, जुन्या परंपरेनुसार ख्रिस्ताला क्रूसावर दिल्याचा दिवस. पडद्यावर तिचा उल्लेख नाही.

निशिगंध

झटापट मलाही खटकते. तिथली शांतता जायला नको होती. पण फ्रोडो झटतो कशासाठी? अंगठी नष्ट करायला नव्हे, परत मिळवायला! म्हणजे त्याची हार चित्रपटात जास्तच उघडी पडते. जग वाचवण्याचं श्रेय तिथेही त्याच्याकडे जात नाही.

शिलेदार

पत्राचा मुद्दा मान्य, लेखकाची श्रद्धा कथेत मुरलेली असेल. पण मला हलवून सोडतो तो शेवटचा भाग. शायर (त्यांचं गाव) वाचलं, पण माझ्यासाठी नाही, असं फ्रोडो त्याचा सोबती सॅम याला सांगतो. चार वर्षं उलटली तरी जखम भरत नाही, आणि तो जहाजात बसून निघून जातो. टॉल्किन १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता. लहानपणच्या जिवलग मित्रांपैकी बहुतेक त्यानं त्या युद्धात गमावले. घरी परतूनही घर न सापडलेला सैनिक मला फ्रोडोत दिसतो. ते समजायला चर्चची गरज पडत नाही.

वाचनवेडी

हे पटलं. फक्त एक: त्या जहाजावर त्याला नेतं कोण आणि कशासाठी? बरं होण्यासाठी. रणांगणावरून परतलेल्या कुठल्या सैनिकाला अशी जागा मिळाली? ते जहाज मला युद्धाच्या अनुभवातून आलेलं वाटत नाही. तिथं मी निशिगंधच्या बाजूनं आहे.